अडगळीच्या खोलीतला कॅप्टन

१

दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, की ठमी टेबलापाशी बसायची आणि मी अडगळीच्या खोलीत जाऊन विमान उडवायचे. हसायचं तर हसा, पण त्या दिवसांत आमच्या घरातून रोज एक विमान सुटत होतं.

ठमी माझी नात, मुलाची मुलगी. शिकली ती डिस्पॅचरचं. हा शब्द माझ्या जिभेवर बसायलाच फार दिवस लागले. विमान चालवतो तो कॅप्टन, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ते कुठल्या वाटेनं न्यायचं, इंधन किती भरायचं, पुढे वादळ उठलं तर कुठे वळायचं, हे जमिनीवर बसून ठरवणारं एक माणूस असतं. त्याची सही पडल्याशिवाय कॅप्टनला चाकसुद्धा हलवता येत नाही. आणि विमान सुटलं म्हणजे हे माणूस सुटलं असंही नाही. ते पोचेपर्यंत त्याच्याकडे कान लावून बसायचं.

मी म्हटलं, "म्हणजे लेकरू बाहेर गेलं की आई बसते तसं."

"अगदी तसंच," ठमी म्हणाली, "फक्त आईला लायसन्स लागत नाही."

ठमीकडे लायसन्स होतं, नोकरी नव्हती. परीक्षा पास झाली आणि त्याच सुमारास माझी सून, तिची आई, पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. तिचं करता करता पोरीची उमेदीची वर्षं गेली. सून उठून पुन्हा कामाला जायला लागली, तोवर ठमीचं शिकलेलं गंजून गेलं होतं. जिथे अर्ज करावा तिथे एकच प्रश्न, आजवर कुठल्या विमान कंपनीत काम केलंय? पहिली नोकरी मिळाल्याशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय पहिली नोकरी नाही. कोंबडी आणि अंड्याची गत.

शेवटी एका मास्तरांचा उजळणीचा वर्ग सापडला. खास अशाच मुलांसाठी, लायसन्स आहे पण कामाला हात लागलेला नाही अशांसाठी. एका कंपनीनं मास्तरांना शब्द दिला होता की वर्ग संपला की परीक्षा घेऊ आणि एकाला उचलू. एकालाच. ठमीची आत्या फोनवर म्हणाली, "अगं, यंदा नाही झालं तर दे सोडून. विमानं काय, तुझ्यावाचून पडणार आहेत?"

फोन ठेवल्यावर ठमी मला म्हणाली, "आजी, या वेळी नाही झालं तर मी खरंच सोडणार. मग मला कुणी विमान दाखवलं तरी मान वर करायची नाही."

२

मास्तर स्वतः जन्मभर तेच काम करून निवृत्त झालेले. त्यांची शिकवायची तऱ्हा न्यारी. दोघादोघांची जोडी लावायची, एक डिस्पॅचर, एक कॅप्टन. दोघांनी दोन खोल्यांत बसायचं, डोक्याला हेडफोन, मधून लांब वायर. एकमेकांचं तोंड दिसता कामा नये. म्हणायचे, "तोंड बघून माणूस समजूत काढतो. आवाज ऐकून काम करतो."

वर्गात मुलांची संख्या विषम. ठमी एकटी उरली. मग तिनं हेडफोनची जोडी घरी आणली आणि मला कॅप्टन केलं.

अडगळीच्या खोलीला खिडकी नाही. आत एक पत्र्याची ट्रंक, गुंडाळलेल्या गाद्या, पातं मोडलेला पंखा आणि एक खुर्ची. दाराखालच्या फटीतून वायर सरकवलेली. मी खुर्चीत बसायचे, अंबाड्यावर हेडफोन चढवायचे, की कानात ठमी, "बोला कॅप्टन, काय दिसतंय?"

ठमीनं शिकवलेलं तेवढं मी बोलायचेच. उंची किती, इंधन किती, वारा कुठून. पण नुसत्या आकड्यांनी कुणाचं पोट भरतं? मी माणसं बसवली विमानात. खिडकीशी दोन सख्ख्या बहिणी, एकमेकींशी जन्माचा अबोला धरलेल्या, जागा मात्र शेजारशेजारची मिळाली. एक उंच माणूस, मांडीवरची टोपी चुकूनही खाली न ठेवणारा. आणि मागच्या रांगेत एक बाई, तिच्याकडे तान्हं बाळ, सारखं रडणारं.

"आजी, कॅप्टनला प्रवासी दिसत नाहीत. मध्ये दार बंद असतं."

"तुमच्या कॅप्टनला नसतील दिसत. माझ्या विमानात दार उघडं असतं."

"बरं. मग त्या बाळाला गप्प कर, मला आकडे ऐकू येत नाहीत."

"ते नाही गप्प बसायचं. चाकं जमिनीला टेकली की मगच ते गप्प होणार, असं बाळ आहे ते."

आणि खरंच, रोज शेवटी मी म्हणायचे, "टेकली चाकं. बाळ गप्प झालं. उतरलो." मग ठमी तिकडून म्हणायची, "ऐकलं." तिनं ऐकलं म्हटलं की ते विमान मिटलं. मगच तिनं कागदावर "उतरलं" लिहून सही करायची. मास्तरांची ही सक्त ताकीद. कॅप्टनच्या तोंडून ऐकल्याशिवाय उतरलं म्हणून लिहायचं नाही, मग घरी जायला कितीही उशीर होवो.

मला ते पटलं होतं. गोष्टीचंही तेच. सांगणाऱ्यानं संपली म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं. हुंकार देणारा मध्येच उठून गेला तर गोष्ट जाते कुठे?

३

त्या दिवशी ठमी म्हणाली, "आज अवघड घेते." जिथे जायचं तिथे धुकं धरलं, आणि अडीअडचणीला ठेवलेलं दुसरं विमानतळ, त्याची धावपट्टी बंद करून टाकली. आता सांग म्हणाली स्वतःलाच.

मीही रंगात आले होते. "बाई, खाली सगळं पांढरं आहे. पिंजलेल्या कापसासारखं. जमीन कुठे सुरू होते ते कळत नाही. मी घिरट्या घालतेय. दुसरी जागा सांगा."

"थांबा कॅप्टन. शोधतेय."

"इंधन खाली चाललंय. बाळ रडतंय."

"शोधतेय ना! एक मिनिट."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मास्तर होते, हे मला नंतर कळलं. कंपनीची माणसं आधीच वर्गावर येऊन बसली होती, मुलांची तोंडओळख करून घेतो म्हणत होती, असशील तशी ये. ठमीनं हेडफोन काढून टेबलावर टाकला, केसांतून कंगवा फिरवला आणि चपला पायात सरकवत धावली. मी बाहेर आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं.

मी माझा हेडफोन आतल्या खुंटीला अडकवला आणि चहा टाकला. विमान वर राहिलंय हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. बाहेरून ठमीचा आवाज येत होता, कामाचा, ठाम. "ऐकतेय कॅप्टन... किती राहिलंय? ... बरं, तीच उंची धरा." मला वाटलं, पाठांतर चाललंय. चहाचा कप घेऊन मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

तिनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, अडगळीच्या बंद दाराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"तू आत होतीस ना?"

"मी कशाला आत असेन? लसूण सोलतेय."

तिनं हेडफोन माझ्या कानाला लावला.

स्वतःचा आवाज माणसाला लगेच ओळखू येत नाही. वाटलं, कोण ही म्हातारी, घशात खरखर असलेली? मग ती "बाई" म्हणाली आणि मला कळलं, कारण तसं बाई फक्त मी म्हणते.

"बाई, अजून पांढरंच आहे. मी घिरट्या घालतेय. बहिणी बोलायला लागल्या आहेत. धाकटीनं थोरलीचा हात धरलाय."

मागे बाळ रडत होतं.

मी आधी म्हटलं, कालचं भरून राहिलं असेल, टेपमध्ये राहतं तसं. ठमी म्हणाली, आजी, यात भरून राहायला काही नाहीच, नुसती वायर आहे. मी म्हटलं, मग शेजारच्यांचा टीव्ही असेल, वायरीत शिरला असेल. ती म्हणाली, शेजारच्यांच्या टीव्हीवर तू आहेस का? माझ्या मनात एकच अडकून बसलं होतं. बहिणींचा अबोला मी घातला होता, पण तो मी सोडवला नव्हता. हात धरल्याचं मी कधीच बोलले नव्हते. जन्मभर न बोललेल्या बायका विमानात एकाएकी हात कधी धरतात, हे न कळण्याइतकी मी लहान नाही.

ठमीनं वायर ओढून काढली. मी अडगळीचं दार उघडलं. ट्रंक, गाद्या, पंखा, रिकामी खुर्ची. खुंटीवर हेडफोन, आपला लोंबकळत.

दार लावून मी वळले तर ठमी अजून ऐकत होती. वायरीचं सुटलेलं टोक तिच्या मांडीवर होतं.

५

घरात आम्ही कुणाला सांगितलं नाही. सुनेला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पोरीनं परीक्षेची धास्ती घेतली, आणि सासूला तर काय, गोष्टी रचायला निमित्तच हवं असतं. ठमीनं दोन-तीनदा नवं विमान घेऊन बघितलं, सोपं, स्वच्छ हवेचं. मी आत बसून बोलायला लागले की माझ्या बोलण्यावर ते दुसरं बोलणं चढायचं. तिला दोन्ही आवाज ऐकू यायचे. एक आजी म्हणायची, आकाश मोकळं आहे. दुसरी म्हणायची, जागा सांगा बाई, इंधन खाली चाललंय.

आणि ते खरंच खाली चाललं होतं. रोज थोडं. ठमी कागदावर उतरवून घ्यायची, हिशोब करायची, नकाशावर बोट फिरवत राहायची. धावपट्टी तिनंच बंद केली होती. आता तिलाच उघडता येईना. तिनं कितीतरी जागा सांगितल्या. दर वेळी उत्तर एकच, तिथेही पांढरंच आहे, बाई.

पोर जेवेना. अभ्यास तर दूरच राहिला.

मग आम्ही दोघी मास्तरांकडे गेलो. वर्ग म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली, भिंतीवर नकाशे, खालून रबराचा वास. मास्तर डबा खात होते. विमान अजून वरच आहे, एवढंच आम्ही सांगितलं. आधी त्यांनी थट्टा केली, "आजीबाई, माझ्यापेक्षा जास्त तास तर तुमचेच झाले हवेत!" मग ठमीनं हेडफोन पुढे केला. त्यांनी हात पुसले, वायरीचं मोकळं टोक बघितलं आणि हसत हसत कानाला लावला.

हसू बराच वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, दुकान बंद झालं तरी पाटी राहते तसं. मग त्यांनी हेडफोन काढून ठमीच्या हातात दिला.

"मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "परीक्षा तोंडावर आलीय तुझी. त्या कागदावर उतरलं म्हणून लिही, सही कर, मोकळी हो."

"सर, पण उतरलं नाहीये. तुम्हीच सांगता ना, ऐकल्याशिवाय लिहायचं नाही."

"खऱ्या विमानाचं सांगतो मी ते. हे कागदावरचं आहे. कोण बसलंय त्यात?"

ठमीनं वायर गुंडाळली. आम्ही जिन्याशी पोचलो तेव्हा त्यांनी मला मागून हाक मारली. त्यांचा डबा तसाच उघडा होता.

"आजीबाई," ते हळूच म्हणाले, "ते बाळ कुणाचं आहे हो?"

बाळाचं आम्ही त्यांना काही बोललो नव्हतो.

६

परीक्षेच्या दिवशी सकाळी घरात लख्ख ऊन होतं. ठमीनं इस्त्रीचे कपडे घातले, केस घट्ट बांधले, आणि निघायच्या आधी टेबलापाशी बसून हेडफोन चढवला. मी तिच्या खांद्याशी वाकून कान लावला.

"बाई," माझा आवाज म्हणाला, अगदी शांत, माणूस आशा सोडल्यावर बोलतो तसा, "आता एका घिरटीपुरतंच उरलंय. टोपीवाल्यानं टोपी खाली ठेवली. जागा नसेल तर तसं सांगा. म्हणजे मी यांना काहीतरी सांगेन."

ठमीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं कागद पुढे ओढला.

"थांब," मी म्हटलं. "मी आत जाते. कॅप्टन मीच ना? मी म्हणते उतरलो, तू ऐकलं म्हण. रोजच्यासारखं."

"नको आजी. तू आत जाऊ नकोस."

"अगं, एवढंसं तर काम."

"आत जाऊ नको म्हणते ना!" अशी ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. "तू आत गेलीस आणि इंधन संपलं तर? मग मी काय लिहू?"

तिनं "उतरलं" लिहिलं. सही केली. हेडफोन काढून उपडा ठेवला. उठली, माझ्या पाया पडायला वाकली आणि अर्ध्यातच उभी राहून मला मिठी मारून गेली. जिन्यावर तिचे बूट वाजत गेले.

मग घर गप्प झालं. फार गप्प. भरलेली खोली एकदम श्वास धरते, तसं.

मी वळले. अडगळीच्या खोलीच्या दाराखाली उजेड होता.

त्या खोलीला खिडकी नाही, हे मी सांगितलंय. आतला दिवा केव्हाचा गेलेला. आणि हा दिव्याचा उजेड नव्हताच. ढगांच्या वर ऊन असतं म्हणतात, तसा पांढरा, डोळे दिपवणारा. वायरीच्या फटीतून तो माझ्या पावलांवर आला होता, आणि गार होता.

मी दार ढकललं. ते जड लागलं, पलीकडून वारा रेटत असल्यासारखं. हातभर उघडलं असेल नसेल.

खुर्चीची पाठ दिसली. तिच्यावर एक अंबाडा, माझा, मी सकाळी घातलेल्या पिनेसकट. ट्रंकेच्या जागी ट्रंक नव्हती. बाजूला, गाद्या असतात तिथे, गुडघे दिसले. गुडघ्यांमागे गुडघे, ओळीनं, दूरपर्यंत, सगळे एकमेकांना चिकटलेले. आणि कुणाच्या तरी पायाशी एक टोपी.

खुर्चीतली मान वळायला लागली. तोंड मी पाहिलं नाही. पण ती बोलली ते हेडफोनमधून नव्हे, तिथूनच, माझ्या समोरून.

"बाई उठून गेल्या का?"

मी ओरडले, "उतरलो! सगळे उतरलो, सुखरूप!" दार सताड उघडलं. ट्रंक, गाद्या, पंखा, खुर्ची. अंधार. मी धावत जाऊन खुंटीवरचा हेडफोन कानाला लावला आणि पुन्हा म्हटलं, उतरलो, उतरलो. पण टेबलापाशी कुणी नव्हतं. उतरलो म्हणायला कॅप्टन होता, ऐकलं म्हणायला कुणी नव्हतं. एका जिन्याचं अंतर पडलं, एवढंच. तिला हाक मारून परत बोलावलं असतं तर? पण परीक्षेला निघालेल्या पोरीला मागून हाक कशी मारायची?

७

ठमीला नोकरी लागली. परीक्षेत तिला विचारलं होतं, विमानाकडून काहीच कळलं नाही तर काय कराल? ही म्हणाली, वाट बघेन. नुसतं एवढंच? तर म्हणाली, उठणार नाही. ते लोक एकमेकांकडे बघून खूश झाले, असं मास्तर सांगत होते. आत्यानं पेढे मागितले.

काम ती चोख करते. पाळी संपली तरी तिचं शेवटचं विमान टेकल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. बाकीचे चिडवतात, म्हणतात हिला घरी कुणी घेत नाही वाटतं. घरी येते, जेवते, झोपते. पूर्वी म्हणायची, आजी, एखादी गोष्ट सांग ना. आता म्हणत नाही. मीही सांगत नाही. माणसं बसवायची आणि त्यांचं काय झालं ते सांगायचं नाही, असल्या गोष्टी सांगण्यात काय अर्थ?

परवा तिची सुट्टी होती. दुपारी भांडी पालथी घातली आणि मी म्हटलं, "ठमे, एकदा बस. मी आत जाते, उतरलो म्हणते, तू ऐकलं म्हण. माझ्या जिवाला बरं वाटेल."

"आजी, ते केव्हाच मिटलं. माझी सही आहे त्यावर."

"माहीत आहे. तरी."

"हिशोबानं त्याचं इंधन त्या सकाळीच संपलंय," ती म्हणाली. मग उठली, वायर जोडली, जुन्या जागी बसली आणि हेडफोन चढवला. मी आत जाऊन दार लावून घेतलं. खुर्चीत बसले. अंधार होता, गाद्यांचा जुना वास होता, बाकी काही नव्हतं. मी हात मागे नेऊन चाचपलं, तर ट्रंकच लागली.

"बोला कॅप्टन," कानात ठमी म्हणाली. कितीतरी दिवसांनी.

"टेकली चाकं," मी म्हटलं. आवाज कापू दिला नाही. "धुकं निवळलं. बहिणी बॅगा काढतायत, टोपीवाल्यानं टोपी घातली. बाळ गप्प झालं. उतरलो."

मी थांबले. ऐकलं यायची वाट बघत राहिले.

"ठमे? ऐकलंस ना?"

तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती बोलली, अगदी हळू, मला दुखू नये अशा बेतानं.

"तुझं ऐकलं, आजी. पण तुझ्या मागे बाळ अजून रडतंय."